शेजारची खुर्ची थोडी मागे घ्या

प्रश्न: माझा मुलगा आठ वर्षांचा असून तिसरीत शिकतो. माझ्या नोकरीत वरचेवर बदली होत असल्यामुळे यंदा आम्ही त्याच्यासाठी पूर्ण वेळ ऑनलाइन शाळा निवडली. सकाळी तीन तास वर्ग असतो आणि त्यानंतर वर्कशीट पूर्ण करून त्यांचे फोटो पाठवावे लागतात. सुरुवातीला त्याचे काही अडू नये म्हणून मी शेजारी बसू लागले. आता मी उठले की त्याचे लक्ष उडते आणि पुष्कळदा तो कॅमेराच बंद करून टाकतो. बाईंनी प्रश्न विचारला की तो आधी माझ्याकडे पाहतो, आणि मीही हळूच उत्तर सांगून जाते. संध्याकाळी वर्कशीटवरून रोज रडारड होते. शेवटी बरेचसे मीच सांगून लिहून घेते. माझे ऑफिसचे काम मग रात्री उशिरापर्यंत चालते. त्याच्या प्रगतिपत्रकात सगळे उत्तम आहे, पण परवा सहज घातलेले वजाबाकीचे गणित त्याला सोडवता आले नाही. मी कमी पडते आहे की जास्त करते आहे, हेच कळेनासे झाले आहे. त्याच्याजवळ बसावे की बसू नये?
– एक आई

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील वजाबाकीची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली असली, तरी माझ्या दृष्टीने तीच सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून मी तिच्यापासूनच सुरुवात करते. तुमच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की, सध्या त्याच्याजवळ जरूर बसा, पण वर्ग चालू असताना काहीही न सांगता बसा, आणि दर काही दिवसांनी आपली खुर्ची थोडी मागे घेत जा. त्याचबरोबर, त्याने स्वतः न केलेले वर्कशीट त्याचे म्हणून शाळेला पाठवणे उद्यापासून थांबवा.

मी अनेक वर्षे प्राथमिकचे वर्ग घेतले आहेत आणि त्यांतील काही पडद्यावरून घेतले आहेत. घरातून कोणी उत्तर सांगत असेल, तर ते शिक्षकाला कसे दिसते हे तुम्हांला सांगितले पाहिजे. प्रश्न विचारल्यावर मुलाची नजर पडद्यावरून निसटून एका बाजूला जाते, क्षणभर तिथेच थांबते, आणि मग अचूक उत्तर येते, तेही बहुधा मोठ्या माणसाच्या शब्दांत. कधी शिक्षकाच्या हे लक्षात येते, तर तीस मुलांच्या चौकटी पडद्यावर असताना कधी येतही नाही. माझ्या वर्गातील एका मुलीच्या बाबतीत ते माझ्या फार उशिरा लक्षात आले. तोंडी विचारले की तिची वजाबाकी नेहमी बरोबर असे. एके दिवशी मी सगळ्यांना ५२ वजा ३८ हे गणित घातले आणि वही कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितले, तेव्हा तिच्या वहीत २६ हे उत्तर होते. तिने एककाच्या घरात २ मधून ८ जात नाहीत असे पाहिले आणि मग सरळ ८ मधून २ वजा करून ६ लिहिले. दशकाच्या घरात ५ मधून ३ गेले, २ उरले. उत्तर चुकले असले तरी त्यामागे तिचा स्वतःचा विचार होता. दहा-दहा काड्यांचे गठ्ठे करून, एक गठ्ठा सोडून दाखवल्यावर दोन दिवसांत तिला हातचा घेणे समजले. तत्पूर्वीचे दोन महिने मात्र आमच्या दोघींच्याही हातून निसटून गेले होते, कारण तिची चूक मला कधी दिसलीच नव्हती.

म्हणून आज हेच गणित तुमच्या मुलाला घाला आणि करता करता त्याला मोठ्याने बोलायला सांगा. मध्ये काहीही दुरुस्त करू नका, चेहऱ्यावरूनही त्याला काही कळू देऊ नका. उत्तर २६ आले, तर त्याला दशक-एकक यांचा अर्थ पुन्हा समजून घ्यायला हवा. उत्तर २४ आले, तर त्याने हातचा घेतला, पण दशकातील ५ चे ४ करायला तो विसरला. १३ किंवा १५ आले, तर रीत ठाऊक आहे आणि फक्त मोजताना बोट चुकले. या तिन्ही चुका वरवर सारख्याच दिसतात, परंतु तिन्हींवरचे उपाय अगदी वेगवेगळे आहेत, आणि कोणता उपाय करायचा हे त्याच्या बाईंना केवळ त्याच्या स्वतःच्या हातच्या चुकीवरूनच कळू शकते. तुम्ही मायेने १४ सांगता, तेव्हा बाईंपर्यंत पोहोचायला हवी असलेली नेमकी ही माहिती पुसली जाते. यात तुमचा हेतू चांगलाच आहे याविषयी मला यत्किंचितही शंका नाही. शेजारी बसलेले आपले मूल अडखळताना पाहणे फार जड जाते.

त्या अडखळण्याविषयी आणखी थोडे सांगते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांतील संभाषणांचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा असे आढळले की प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. हीच थांबण्याची वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली, तेव्हा मुलांची उत्तरे लांब आणि अधिक विचारपूर्वक झाली, आणि ‘माहीत नाही’ म्हणणे किंवा गप्प राहणे कमी झाले. पडद्यावरच्या वर्गात तर आवाज पोहोचायलाच थोडा उशीर लागतो, शिवाय माईक चालू करण्याचे बटण शोधावे लागते, त्यामुळे आठ वर्षांच्या मुलाला आणखी सवड हवी. बाईंनी प्रश्न विचारला की तुम्ही मनातल्या मनात सावकाश पाचपर्यंत मोजा. तो तुमच्याकडे पाहील, तेव्हा आपली नजर आपल्या कामावर ठेवा. अगदीच बोलावे लागले, तर ‘बाईंनी काय विचारलं?’ एवढेच म्हणा. पुष्कळदा मुलाला उत्तर येत असते, प्रश्नच नीट ऐकलेला नसतो.

आणि उत्तर खरोखरच येत नसेल तर? तेव्हा बोलायचे वाक्य त्याच्याजवळ आधीपासून तयार असायला हवे: ‘बाई, मला हे कळलं नाही, पुन्हा सांगाल का?’ हे वाक्य त्याच्याकडून घरी चार-पाच वेळा म्हणवून घ्या. मोठ्या माणसांनाही असे विचारणे अवघड जाते, तर आठ वर्षांच्या मुलाला ते आपोआप सुचेल असे धरून चालू नये.

‘परांची’ म्हणजे इमारत बांधताना भोवती उभी करतात ती बांबूंची चौकट. डेव्हिड वूड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस या तिघांनी १९७६ साली एका शोधनिबंधात मुलांना मोठ्यांकडून मिळणाऱ्या मदतीसाठी नेमकी हीच उपमा वापरली, आणि ती पुढे शिक्षणशास्त्रात रूढ झाली. मुलाला एकट्याने न झेपणारे काम मोठ्या माणसाच्या आधाराने जमू लागते आणि जसजसे ते जमत जाते तसतसा तो आधार काढून घ्यायचा असतो. तुमच्या घरी परांची उभी राहिली, ती योग्यच होती. फक्त ती काढायला कोणी सुरुवात केली नाही. ती एका दिवसात ओढून काढली, तर मूल घाबरेल, म्हणून मी क्रम सुचवते. पहिले काही दिवस त्याच्याच शेजारी, पण थोड्या मागच्या बाजूला, त्याला मान वळवल्याशिवाय तुमचा चेहरा दिसणार नाही अशा बेताने बसा आणि आपले स्वतःचे काम समोर ठेवा. पुढे त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसा. त्यानंतर दार उघडे ठेवून शेजारच्या खोलीत जा आणि प्रत्येक तासाच्या शेवटी पाच मिनिटे येऊन जा. यातील प्रत्येक पायरी चढण्याआधी त्याला सांगा. तो पडद्यात गुंतला असताना गुपचूप उठून जाऊ नका, नाही तर तो दर दोन मिनिटांनी मागे वळून पाहत राहील. एखाद्या पायरीवर तो आठवडाभर रेंगाळला, तरी चालेल.

एका रविवारी, वर्ग नसताना, तुमच्या फोनवरून आणि त्याच्या लॅपटॉपवरून खोटा वर्ग भरवा. त्याला मुलगा होऊ द्या, तुम्ही बाई व्हा, मग उलट करा. हात वर करणे, माईक चालू-बंद करणे, नेट गेल्यावर पुन्हा लिंकवरून आत येणे, वही कॅमेऱ्यासमोर सरळ आणि स्थिर धरणे, फोटो काढून पाठवणे, या साऱ्या गोष्टी त्याला न घाबरता जमल्या पाहिजेत. माझा अनुभव असा आहे की मुले आईला चिकटून बसतात ती पुष्कळदा अभ्यासासाठी नव्हे, तर ‘मधेच स्क्रीन काळी झाली तर मी काय करू’ या धास्तीने. ती धास्ती तासाभराच्या सरावाने बरीच कमी होते.

तो कॅमेरा बंद करतो, त्यावर रागावण्याआधी, वर्ग संपल्यावर निवांतपणे कारण विचारा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली व्हिडिओ कॉलच्या थकव्याविषयी लिहिताना एक कारण असे दिले होते की माणसाला सतत स्वतःचाच चेहरा समोर दिसत राहतो. प्रत्यक्ष वर्गात कोणत्याच मुलाच्या बाकावर आरसा ठेवलेला नसतो. बहुतेक ॲपमध्ये स्वतःची चौकट स्वतःपुरती लपवता येते. तसे करून पाहा. तो केवळ प्रश्नोत्तरांच्या वेळीच कॅमेरा बंद करत असेल, तर मात्र तुमच्याविना आपले चुकेल याची त्याला भीती वाटते असे समजा, आणि मग वर सांगितलेले वाक्य व खुर्चीचा क्रम हाच त्यावरचा उपाय आहे.

आता संध्याकाळच्या रडारडीकडे वळते. सकाळचे तीन तास पडद्यासमोर बसलेले मूल आणि दिवसभराच्या कामाने दमलेली आई, अशी दोन थकलेली माणसे संध्याकाळी एका कागदावर वाकून बसतात, तेव्हा तिथे भांडण न होणेच नवल. वर्कशीटची वेळ बदला. वर्ग संपल्यावर त्याचे खाणे आणि पुरेसे खेळणे होऊ द्या आणि मग, दिवस मावळायच्या आत, एका वर्कशीटसाठी वीस मिनिटे ठेवा. समोर घड्याळ असू द्या. त्या वीस मिनिटांत जेवढे होईल तेवढे होईल. वेळ संपली की पेन्सिल खाली. कागदाच्या तळाशी तुम्ही दोन ओळी लिहा: ‘पहिली चार गणिते स्वतः केली. पाचव्याला मदत लागली. उरलेली केली नाहीत.’ आणि तसाच फोटो पाठवा, तोही शक्यतो त्याच्या हाताने. अर्धवट कागद पाठवताना तुम्हांला संकोच वाटेल, तो मी समजू शकते. पण शिक्षक या नात्याने मी अगदी मनापासून सांगते की पूर्ण भरलेल्या, सुवाच्य, निर्दोष वर्कशीटपेक्षा असा कागद मला शतपटीने उपयोगाचा वाटे, कारण दुसऱ्या दिवशी कोणाला काय शिकवायचे हे मला त्यावरून ठरवता येई. सगळे पूर्ण झालेच पाहिजे असा शाळेचा आग्रह असेल, तर प्रत्येक कागदातील अत्यावश्यक प्रश्न कोणते, एवढे बाईंकडून समजून घ्या.

उत्तरे सांगणे बंद केल्यावर तुमच्या हाती जो वेळ उरेल, त्यातील पाच-सात मिनिटे वर्गानंतर त्याच्याशी बोलण्यात घाला. वही मिटलेली असू द्या. ‘आज काय शिकवलं?’ असे विचारलेत, तर ‘काही नाही’ हेच उत्तर मिळेल. त्याऐवजी ‘आज बाईंनी फळ्यावर पहिल्यांदा काय काढलं?’ असे अगदी छोटे, नेमके काही विचारा आणि मग तो धागा पुढे ओढत न्या. आठवून सांगण्याच्या या सवयीचे मोल मोठे आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात, उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर अधिक आठवले, पण आठवड्यानंतर मात्र तो वाचून मग स्वतः आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना मागे टाकले. तो प्रयोग मोठ्या मुलांवरचा आहे हे खरे. तरी लहान वर्गांत शिकवताना मला हेच सतत दिसत आले आहे. तो चुकीचे सांगेल, गाळून सांगेल, मधेच दुसरेच काही सांगू लागेल. ऐकत राहा, आणि जे निसटले ते वही उघडून त्याचे त्यालाच शोधू द्या.

तुमच्या ऑफिसच्या कामात त्याच्या हाकांनी सारखा खंड पडू नये म्हणून एक जाड वही त्याच्या टेबलावर ठेवा आणि तिला ‘अडलेल्या गोष्टींची वही’ म्हणा. जे अडेल ते त्याने तिथे लिहायचे, लिहिणे जमत नसेल तर चित्र काढायचे, आणि तुम्ही ठरलेल्या वेळी येऊन ती वही पाहायची. ती ठरलेली वेळ मात्र मीटिंगपेक्षाही काटेकोरपणे पाळा, कारण ‘आई नक्की येते’ असा विश्वास बसल्याखेरीज तो हाक मारणे थांबवणार नाही. काही दिवसांनी तुमच्या असे लक्षात येईल की वहीतल्या कित्येक अडचणी तुम्ही येईपर्यंत त्याने स्वतःच सोडवून त्यांवर काट मारली आहे.

बसण्याच्या सोयीविषयी फार लिहीत नाही. पाय अधांतरी लोंबकळू नयेत, पडदा शक्य तेवढा मोठा आणि डोळ्यांच्या साधारण समोर असावा, वर्गाच्या वेळी घरातील इतरांनी मोठे व्हिडिओ पाहू नयेत, आणि तरीही चित्र अडकू लागले तर कॅमेरा तेवढ्यापुरता बंद करून आवाज चालू ठेवावा. हेडफोनचा आवाज मंद ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मुलांसाठी आठवड्याला ४० तास ऐकायचे झाल्यास ७५ डेसिबल ही मर्यादा आहे. पडद्याकडे पाहताना आपण डोळ्यांची उघडझाप कमी करतो, म्हणून दर २० मिनिटांनी २० सेकंद साधारण २० फुटांवरच्या वस्तूकडे पाहण्याची सवय लावा. दोन तासांमधल्या सुट्टीत दुसरा पडदा हातात देऊ नका. त्याला उठू द्या, उड्या मारू द्या. रोज काही वेळ तरी उजेडात, बाहेर खेळणे हवेच. मुलांना चष्मा लागण्याचा धोका त्याने कमी होतो असे नेत्रतज्ज्ञांचे अभ्यास सांगतात, आणि या वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची हालचाल करावी अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. झोप ९ ते १२ तास हवी. तुमचे रात्रीचे काम त्याच्याच खोलीत चालत असेल, तर आधी ते तिथून हलवा.

पहिले दहा-पंधरा दिवस सगळे बिघडल्यासारखे वाटेल, याची तयारी ठेवा. त्याची काही उत्तरे चुकतील, एखादा तास तो चुळबुळ करण्यात घालवील, आणि प्रगतिपत्रकातील ‘उत्तम’ कदाचित ‘साधारण’ होईल. हे त्याचे मागे पडणे नव्हे. तो कुठे होता हे आता दिसू लागले आहे, एवढेच. मात्र दीड-दोन महिने असे प्रामाणिकपणे करूनही वाचताना अक्षरे सतत उलटसुलट होत असतील, दोन ओळींचा मजकूर वाचायला त्याच्या नाकीनऊ येत असतील, किंवा साधी बेरीजही रोज नव्याने शिकवावी लागत असेल, तर त्याला आळशी ठरवू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या आणि मग बाईंच्या सल्ल्याने अध्ययन-अक्षमतेची तपासणी करून घेण्याचा विचार करा. आणि हेही सांगते की काही मुलांना समोर बसलेली दहा मुले आणि खडूचा फळा असल्याशिवाय शिकता येत नाही. तुमचा मुलगा तसा निघाला, तर पुढच्या वर्षी शाळेचा प्रकार बदलणे हे अपयश मानू नका.

तुम्ही कमी पडता का, असे विचारले आहे. मला तसे मुळीच वाटत नाही. तुम्ही त्याच्या वाट्याचे कष्ट स्वतःकडे घेतले आहेत आणि त्यामुळेच तुमची रात्र संपत नाही.

हे सारे सुरू करण्याआधी बाईंना एक पत्र लिहा, म्हणजे अचानक बदललेले वर्कशीट पाहून त्यांना वेगळी शंका येणार नाही. त्यात एवढेच लिहिले तरी पुरे: ‘आजवर मी त्याला वर्गात उत्तरे सांगत होते आणि वर्कशीटमध्येही बरीच मदत करत होते. यापुढे तो स्वतः करील तेवढेच पाठवीन. हातच्याच्या वजाबाकीत तो अडतो असे मला दिसले आहे. सोबत त्याच्या वहीचे पान जोडते. कृपया त्याला उत्तरासाठी थोडा जास्त वेळ द्यावा.’ ते पान जोडताना त्यावरचे चुकलेले उत्तर खोडू नका.